शेडच्या मालकाची सही

शांताक्काविरुद्धचा अर्ज बिभीषणनं तिसऱ्यांदा लिहायला घेतला. पहिल्यात खाडाखोड फार झाली होती आणि दुसऱ्यात शिव्या होत्या.

“‘छळ’ नगं लिहू, ‘त्रास’ लिही,” धुळाप्पा म्हणाला. “म्हातारी हाय.”

“म्हातारी हाय म्हणूनच दोन वर्सं सोसलं.”

चौसष्ट सालची चैत्र पुनवेची जत्रा चार दिवसांवर आली होती. सरपंच नारायणराव दहा वाजता ‘बिजली पार्टी’ ऐकायला शेडमध्ये येणार होते. पसंत पडली तर जत्रेत वाजवायचं. नाही तर गुमान मॅट्रिकच्या अभ्यासाला लागायचं, असं तिघांनी घरी कबूल केलं होतं.

तिघंही लांबच्या वस्त्यांवरची पोरं, हायस्कुलासाठी येरमाळ्यात खोली करून राहिलेली. बिभीषणच्या मामानं सिकंदराबादच्या रेल्वे वसाहतीतून जुनी गिटार आणली होती आणि तिथल्या नाचाच्या चाली शिकवल्या होत्या. अंबादास बेंजो वाजवी. धुळाप्पापाशी तोंडावर कातडं ताणलेलं तेलाचं पिंप, दोन डबे आणि ट्रकचा फुटका ब्रेकड्रम होता. याला रॉक म्हणतात, असं ते ज्याला त्याला सांगत. लोक म्हणत, “बरं, वरातीला येता का?”

खोलीच्या मालकानं पहिल्याच आठवड्यात वाद्यं बाहेर काढली. तेव्हा देवासारखे भेटले बाबूराव. त्यांचा ट्रक रात्री त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा राही, दिवसा बार्शीच्या फेरीला जाई. “काका, दिवसा तुमच्या शेडात वाजवू का?” असं धुळाप्पानं भीत भीत विचारलं. बाबूराव जरा थांबले, म्हणाले, “उद्या सांगतो.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “वाजवा.”

पोरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. शिवाय बाबूरावांनी गिटारच्या भोंग्यासाठी ट्रकची जुनी बॅटरी दिली, कुणी नावं ठेवली तर त्याला झापलं. त्यांचं नाव पिंपावर पांढऱ्या रंगात लिहिलं, तरी उपकार फिटल्यासारखं पोरांना वाटेना.

सगळं सुरळीत होतं, शेजारची शांताक्का सोडली तर.

वाजवणं रंगात आलं की ती केरसुणी घेऊन दारात उभी. “कुदू नका रं, भुई उखणतीया!” मग भिंतीला हात लावून, “ह्या दणक्यानं माजी भित पडंल एक दिस.” भिंत दोघांच्या मधली, तिच्या घराची काळजी तिला असणारच, एवढं पोरांनाही कळत होतं. पण दर गुरुवारी आत शिरून, वाद्यं हलवून शेड सारवायचं काय कारण? काल तर तिनं पिंप उन्हात नेऊन ठेवलं, त्याचं कातडं तडकलं आणि धुळाप्पा रडला.

बाबूराव मात्र तिला एक शब्द बोलत नसत. उलट प्रत्येक फेरीहून तिला गुळाची ढेप नाही तर जळणाचा भारा आणत. परगावी जाताना शेडची किल्ली तिच्याच खुंटीवर ठेवत. “म्हातारीचं तोंड बंद ठेवाया करतेत बिचारे,” अंबादास म्हणे. त्या भल्या माणसाची यातून सुटका करावी, म्हणून तर हा अर्ज होता.

दहाला नारायणराव आले. बाबूराव फेरी चुकवून थांबले होते. पोरांनी त्यांच्यासाठी शाल आणि नारळ आणला होता. सरपंचांच्या हातून शाल अंगावर पडली तसे बाबूराव अवघडले. “आरं, मला कशाला…” म्हणत राहिले. पोरांना त्यांचा हा साधेपणा फार आवडला.

मग बिजली पार्टी वाजली. गिटारची एक तार तुटली, तरी वाजली. धुळाप्पानं फाटक्या पिंपाचा बुडखा बडवला. नारायणरावांचा पाय हलू लागला, तो शेवटपर्यंत थांबला नाही.

“मला काय कळलं न्हाय,” ते म्हणाले, “पर लई झ्याक वाटलं. जत्रंत वाजवा.”

पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. दारात शांताक्का केरसुणी धरून उभी होती. आज ती ओरडली नव्हती. पण बिभीषणला आता जोर आला होता. त्यानं अर्ज पुढं केला.

नारायणरावांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचला. “‘शेजारीण शांताबाई यांचा आम्हांस त्रास होतो. तरी शेडच्या मालकास विचारल्याशिवाय कुणीही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये, असा हुकूम व्हावा.’”

शांताक्कानं केरसुणी दुसऱ्या हातात घेतली.

नारायणरावांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं, मग बाबूरावांकडं. “मागणी रास्त हाय,” ते म्हणाले. “पर मालकाची सही लागंल.”

“ती काय, आत्ता घेऊ,” म्हणत बिभीषणनं अर्ज आणि दौत-टाक बाबूरावांपुढं धरला. “काका, तुमच्यामुळंच आमी हावोत. एवढी सही करा.”

बाबूरावांनी टाक घेतला नाही. अंगावरची शाल उतरवली, नीट उलगडली आणि दारातल्या शांताक्काच्या खांद्यांवर घातली. कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात ठेवली. मग चपला हातात घेऊन ते उंबऱ्याबाहेर उतरले आणि उन्हात उभे राहिले.

“अक्का,” ते म्हणाले, “आमी आत येऊ का?”