दुसरा मोर

तेजलनं शेवटची तार ताणली आणि गिटारच्या चकचकीत पॉलिशवरून हात फिरवला.

लग्नात आंदण दिलेला सागवानी पलंग घटस्फोटानंतर टेंपोतून परत आला, तेव्हा आईनं तो जुन्या साड्यांत गुंडाळून ठेवला होता. "राहू दे. दुसऱ्या लग्नाला उपयोगी पडेल." तेजलनं ते वर्षभर ऐकलं आणि मग करवत घेतली. उशाकडच्या फळीवर समोरासमोर दोन मोर कोरलेले होते. तिनं बरोबर मधोमध कापलं. एका मोराची गिटार झाली. दुसरा आईनं मुकाट्यानं उचलून नेला, जपून ठेवायलाच, असं तेजलला वाटलं. तेव्हापासून आईचा अबोला.

आज आत्या स्थळ घेऊन आली होती. "बिजवर आहे, पण नोकरी पक्की. पलंग तर आपल्याकडे आहेच."

तेजलनं गिटार अँपला जोडली आणि तारांवर हात मारला. खिडकीची तावदानं थरथरली. आत्याची नजर मोरावर खिळली.

"वहिनी, हा पलंगावरचाच ना? याचा जोडीदार कुठंय?"

तेजल तोंड उघडणार, तोच आई म्हणाली,

"मीच घातला बंबात, वन्सं. सकाळी त्याच पाण्यानं आम्ही दोघी न्हालो."