एकशे पाच किलो

पॅरा पॉवरलिफ्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत आम्रपालीनं सलग चौथं सुवर्ण मिळवलं, म्हणून पेपरवाले विश्रांतवाडीतल्या तिच्या घरी आले होते. बाकावर उताणं झोपायचं, निकामी पाय पट्ट्यांनी बांधून घ्यायचे आणि छातीपर्यंत आणलेलं एकशे पाच किलोचं वजन वर ढकलायचं, हा तिचा खेळ. दहावीपर्यंत तिला पाठीवर घेऊन शाळेत पोचवणारी आई, सुंदराबाई, मणके झिजून आता अंथरुणाला खिळली होती.

"मॅडम, आपण आईंना दोन्ही हातांवर उचलून घ्या," फोटोग्राफर म्हणाला. "एकच फोटो. लोक रडतील बघा."

"अहो, मी आडवी पडल्यावरच चॅम्पियन असते," व्हीलचेअरमधली आम्रपाली म्हणाली. तो मोठ्यानं हसला. शेवटी आईच्या गळ्यात पदक घालून फोटो काढला, चहा झाला, आणि सगळे गेले.

दार लागल्याचा आवाज आल्यावर आई हळूच म्हणाली, "आमू, बाथरूमला जायचंय गं. मघापासून थांबलेय."

आम्रपालीनं घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा.

"शेजारच्या यमुनामावशी दोनला कामावरून येतात. त्या उचलतील तुला. तोवर थांबशील ना?"

आईनं मान हलवली. पदक अजून तिच्या गळ्यातच होतं.



मागच्या आठवड्यात दवाखान्यात आईचं वजन केलं होतं. बेचाळीस किलो.