नुसता विचार

मेंदूच्या बाहेरच्या सालीतले बारीक थर स्कॅनमध्ये टिपणाऱ्या एक संशोधक बाई अगदी रडकुंडीला आल्या होत्या. प्रयोगाला येणाऱ्यानं स्कॅनच्या यंत्रात झोपायचं आणि बोट हलवायचा नुसता विचार करायचा, हलवायचं मात्र नाही. तसं केलं की विचाराचा वरचा थर उजळतो आणि बोटाला हुकूम सोडणारा खालचा थर अंधारात राहतो, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. पण येईल त्याचं बोट चुळबुळायचंच आणि खालचा थर लगेच पेटायचा. प्रकल्प गुंडाळायची पाळी आली, तेव्हा बाईंनी शेवटचा उपाय म्हणून नवऱ्यालाच आणून यंत्रात झोपवलं.

पडद्यावर चित्र उमटलं आणि विभागप्रमुख खुर्चीतून उठलेच. वरचा थर नुसता लखलखत होता, खाली मिट्ट काळोख!

"अहो बाई, हे रत्न सापडलं कुठे? विचार एवढा जोरदार आणि हालचाल शून्य! सराव तरी किती करून घेतलात?"

काचेपलीकडे नवरोबा यंत्रातून उतरून खुशीत हात हलवत होते. बाईंनी एक सुस्कारा सोडला.



"सराव कसला सर, घरातला गळका नळ दुरुस्त करायचा विचार हे लग्नापासून असाच करताहेत."