दोन खिडक्या

"आता डावीकडच्या खिडकीत विचार, आपण कुठे आहोत," केतन म्हणाला.

ऋचाने टाइप केलं. काळ्या पडद्यावर एकच शब्द उमटला. लाइव्ह.

"आता उजवीकडे."

तिथे आलं, सराव.

शहरातल्या जुन्या बाजारात, कमानिया गेटमागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर कंपनीची ही एवढीच खोली होती. एका खाजगी सेवेच्या रुग्णवाहिका कोणत्या गावाला पाठवायच्या, ते ठरवणारं सॉफ्टवेअर इथून सांभाळलं जाई. ते दूरच्या मशिनींवर, कंटेनर नावाच्या लहान लहान कप्प्यांत चालायचं. अशा मशिनींचे दोन क्लस्टर होते. एक खरा, ज्यावर लोकांचे फोन यायचे. दुसरा मोडतोड करून शिकायचा. चार वर्षं दोन्ही केतनकडे होते. उद्यापासून ऋचाकडे जाणार होते. केतनने स्वतःच राजीनामा दिला होता.

"प्रत्येक खिडकीला तिची स्वतःची फाइल, कोणत्या क्लस्टरला जोडायचं ते सांगणारी," तो सांगत होता. "डावीकडे तू काहीही बदल, उजवीकडे पान हलणार नाही. लाइव्हचं काम झालं की ती खिडकी बंद करायची. उघडी ठेवून चहाला जायचं नाही. आणि काही पुसायच्या आधी पुन्हा विचारायचं, कुठे आहोत."

"माहीत असलं तरी?"

"माहीत असलं तर दोनदा."

ऋचा वहीत लिहून घेत होती. लिहिता लिहिता थांबली. "पहिले असं नव्हतं का, भैया?"

"पहिले खिडक्या दोन होत्या, फाइल एकच. दोन्ही तीच वाचायच्या."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग त्याने सांगितलं. मार्चमधली गोष्ट. सकाळचे साडेदहा. उजव्या खिडकीत तो सरावाच्या क्लस्टरवर काम करत होता. मधेच काहीतरी बघायला म्हणून त्याने डाव्या खिडकीत लाइव्ह लावलं. फाइल एकच असल्यामुळे उजवी खिडकीही त्याच क्षणी लाइव्हवर गेली. पडद्यावर काही बदललं नाही. आवाज झाला नाही. उजवीकडे येऊन त्याने, सरावातलं समजून, सगळे कंटेनर पुसून टाकले.

"परत उभं करायला सव्वीस मिनिटं लागली," तो म्हणाला.

"रिपोर्ट वाचला मी. सेवा सव्वीस मिनिटं विस्कळीत, एवढंच आहे त्यात."

"हो. एवढंच लिहा, वरचे म्हणाले."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. केतनने खुर्ची थोडी सरकवली.

"पुसण्याच्या दोन मिनिटं आधी तीन फोन आले होते. नोंदले गेले, पण गाड्यांकडे जायच्या रांगेतून पुसले गेले, नंतरही पोचलेच नाहीत. फोनवरच्या बाईने तिघांनाही सांगून टाकलं, गाडी निघाली. दोघांनी वाट पाहून आपापली सोय केली."

"आणि तिसरा?"

"सिहोऱ्याच्या पुढे महुआखेडा कलां म्हणून गाव आहे. मागच्या रविवारी मी जाऊन आलो तिथे. बसने."

"तुम्ही काहून गेले तिथे?" ऋचाने हळूच विचारलं.

बसमध्ये त्याने एक वाक्य तयार केलं होतं. चूक माझ्या हातून झाली. दीड तास तो ते मनातल्या मनात घोकत होता. दार एका पंचविशीतल्या मुलीने उघडलं. तिचं नाव रश्मी. फोन तिनेच केला होता. वडिलांच्या छातीत दुखत होतं. गाडी येईल म्हणून घरच्यांनी पाऊण तास वाट पाहिली, मग ट्रॅक्टरवर घातलं. सिहोऱ्याच्या अलीकडेच ते गेले.

केतनने एवढंच सांगितलं, की मी रुग्णवाहिकेच्या ऑफिसातून आलो. तिने त्याला खाटेवर बसवलं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलायला लागली.

"म्हणाली, भैया, गलती मेरी थी," केतन म्हणाला. "नाल्याच्या अलीकडे कलां आहे, पलीकडे खुर्द. दोन्ही महुआखेडाच. म्हणाली, मी घाबरून खुर्द बोलले असेन. गाडी तिकडे शोधत फिरली असेल. घरात सगळे हेच धरून चालले आहेत. भाऊ तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही. तो अंगणातच बसला होता. मी असेपर्यंत एकदाही आत आला नाही."

"आणि ती खरंच खुर्द बोलली होती?"

"नाही. नोंद मी कितीदा तरी पाहिली. तिने कलां सांगितलं होतं. घर कोणतं, तेही सांगितलं होतं, हातपंपाच्या समोर. सगळं बरोबर होतं तिचं."

ऋचाने पेन वहीवर ठेवलं. केतन पडद्याकडे बघत होता. डाव्या खिडकीत आत्ता, या क्षणी, कुठल्या कुठल्या गावांची नावं येत होती, एकाखाली एक.

"तुम्ही सांगितलं न तिला?"

केतनने डावी खिडकी बंद केली.

"भैया?"

"मी म्हटलं," केतन म्हणाला, "घबराहट में हो जाता है."