हाकेवरचा समुद्र

स्वप्नालीला कोकणात देताना आप्पांनी जावयाचा पगार विचारलाच नव्हता. पाणी दारापासून किती लांब, एवढंच विचारलं. "विहीर परसात, समुद्र हाकेवर," व्याही म्हणाले आणि आप्पांनी तिथंच सुपारी फोडली.

यंदा लेकीचा रडत फोन आला. "आप्पा, समुद्र दरसाल चढायलाय. उधाणाचं पाणी पार चुलीपर्यंत आलतं. सासऱ्यांनी पाणी अडवायला काठाला तिवराची झाडं लावली, आता घराचं जोतंबी उचलायलेत. पण लई भ्या वाटतं."

आप्पांनी तिला धीर दिला, फोन ठेवला. शिरूर कासारच्या उन्हात धाकटी सायली सकाळपासून टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी होती. तिच्याकडं बघत त्यांनी पुन्हा फोन लावला.



"पोरी, तुझ्या धाकट्या दिराचं लग्न कुठं जमलंय का?"