कारसीट बसतेय का बघू

रागिणी वहिनी झोपली. अगदी गाढ, तोंड उघडं टाकून. सगळं छान झालं.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण दुपारी कैवल्य चंडीगडच्या सेक्टर ३९ मधल्या क्वार्टरची बेल वाजवत होता, तेव्हा असं काहीएक झालेलं नव्हतं. वहिनी जागी होती. बाळ झाल्यापासून ती जागीच होती. सकाळी तिने फोन करून, भाजीचा भाव विचारावा अशा आवाजात विचारलं होतं, "कैवल्य, हिला थोडे दिवस कुठे ठेवता येतं का रे?"

कैवल्य हसला होता. पलीकडून हसू आलं नव्हतं.

दादा हवाई दलात. सध्या ज्या तळावर होता तिथे फोन लागत नव्हता. म्हणून कैवल्यने मोहालीतल्या ऑफिसात पोटदुखी जाहीर केली, 'नव्या आईला काय द्यावं' असं नेटवर शोधलं आणि जे जे दिसलं ते उचलून आणलं.

दार आईने उघडलं. सुनेचं बाळंतपण करायला ती अकोल्याहून आली होती आणि येताना तिथले नियमही सोबत घेऊन आली होती. जून महिना, बाहेर चंडीगड भाजून निघतंय, आणि घरात पंखा बंद. बाळंतिणीला वारं लागू नये. वहिनी पलंगावर बसली होती. कानाला स्कार्फ, मांडीवर बाळ. बाळ रडत होतं. त्यात श्वास घेण्यापुरतीच सुट्टी होती.

"काय आणलंस?" आईने विचारलं. "चांदीचे वाळे आहेत का?"

कैवल्यने पहिली पिशवी उघडली. "सुवासिक मेणबत्ती. वर लिहिलंय, स्वतःसाठी वेळ काढा."

"कुठून?" वहिनी म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच पत्ता हवा होता.

"आणि ही माती. बाळाच्या पावलाचा ठसा घ्यायचा."

वहिनीने मातीकडे पाहिलं, मग बाळाकडे. "ठसा ठेवून घेतला की मूल परत करता येतं का?"

लाडवांचा डबा उघडता उघडता आईचा हात थांबला. "काय बोलतेस गं हे? आम्ही नाही वाढवली पोरं?"

अशा वेळी कैवल्यला एरवी पाच-सहा विनोद सुचतात. आज एकही येईना. त्याने घाईघाईने शेवटचं खोकं पुढे ढकललं.

"ही कारसीट."

"खुर्ची?" आई म्हणाली. "मान धरत नाही अजून, आणि खुर्चीत बसणार? मुलाखत आहे का तिची?"

"आडवी होते ती, आई. गाडीत लावायची."

वहिनी उठली. बाळासकट उठली. "चल. बसतेय का बघू."

"आत्ता?"

"आत्ता."

आई दारात आडवी आली. "सव्वा महिना व्हायचाय. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही."

वहिनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोघींच्या मधे बाळ रडत होतं. वहिनीच्या मागे कैवल्य खोकं छातीशी धरून उभा होता, लढाईत चुकून शिरलेल्या कुरियरवाल्यासारखा.

"आई," वहिनी हळूच म्हणाली, "मी आज इथेच बसून राहिले ना, तर मला माझीच भीती वाटतेय."

आई बाजूला झाली. लगेच नाही, पण झाली. मग शाल उचलून तीही मागोमाग जिना उतरली, कारण वाऱ्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

कैवल्यच्या गाडीत कारसीट बसली. मागच्या बाजूला बाळ आणि वहिनी, पुढे आई. कैवल्यने एसी लावला.

"बंद कर तो!"

"तो इंजिनासाठी आहे, आई. बाळंतिणीला लागत नाही."

हे कुठल्याही शास्त्रात बसत नव्हतं. आईला मात्र पटलं.

पहिल्या गोल चौकात बाळ गप्प झालं. पुढच्या चौकात वहिनीचं डोकं काचेला टेकलं. त्याच्या पुढच्या चौकात कैवल्यने शेजारी पाहिलं, तर आई वहिनीसाठी आणलेली शाल स्वतःच पांघरून घोरत होती. म्हणजे तीही इतके दिवस जागीच होती. तिला तसं कुणी विचारलंच नव्हतं.

एका सिग्नलला गाडी थांबली. बाळाने कण्हून एक इशारा दिला. वहिनीच्या कपाळावर आठी उमटली, हात आपोआप झोळीसारखे वळले. सिग्नल सुटला आणि आठी विरली. गाडी थांबून चालणार नाही, हे कैवल्यला समजलं. त्याने सिग्नलचे रस्ते सोडले आणि एक मोठा गोल चौक पकडून त्यालाच प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. मधल्या हिरवळीवर बसलेली माणसं आधी बघत राहिली. नंतर एकाने हात हलवला.

तेवढ्यात एक पोलीस शिट्टी तोंडाकडे नेत आडवा आला. कैवल्यने दोन्ही हात जोडले, म्हणून शिट्टी वाजली नाही. पण गाडी थांबली.

"ठहरो जी. व्हीआयपी मूव्हमेंट है. सेक्टर वन से निकल चुके हैं."

मागे बाळाची मूठ उघडली, मिटली. वहिनीचे ओठ हलले. कैवल्यने काच बोटभर खाली केली. कुजबुजत्या आवाजात त्याला हिंदी सुचेना, पंजाबी तर येतच नव्हती. तो मराठीतच म्हणाला,

"सविनय विनंती करण्यात येते की, सदर ताफा आहे तिथेच पुढील आदेशापर्यंत थांबवून या गाडीस प्रथम रस्ता द्यावा. गाडीत अतिमहत्त्वाच्या व्यक्ती झोपलेल्या आहेत."