पैजेची मिशी
लालबागच्या चाळीत बाबलने गॅलरीतूनच पैज ठोकली. "अंकुश्या, बंद पडलेल्या लॅपटॉपमधून तुझ्या आयेचो आवाज परत इलो, तर माझी मिशी काढतंय. नाय इलो, तर तुझी. चौकात, सगळ्यांसमोर!" सगळे फिदीफिदी हसले. आई वारली तेव्हा रीतीप्रमाणे मिशी काढायला अंकुशने साफ नकार दिला होता. "लॅपटॉपात तिच्या शिव्या रेकॉर्ड आहेत ना, मग ती गेली कुठे?" लॅमिंग्टन रोडवरच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क उघडली, मान हलवली. "ही टकटक वाजत असतानाही आवाज ऐकायला रोज चालू केलीत ना? त्यातच आतली तबकडी खरवडली. काही उरलं नाही." रविवारी चौकात खुर्ची मांडली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, बाबलने ढोलकी बडवली. अंकुशने स्वतःच वस्तरा चालवला. मिशी उतरली, तसा तो आईच्या सुतकातला दिसला. शिट्ट्या थांबल्या. बाबलचा हात हवेतच राहिला. अंकुश म्हणाला, "जिंकलास ना? वाजव की!"